तांबडं औषध आणि हृदयाची राखण

स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या वॉर्डात एक औषध लांबूनही ओळखू येतं. बाकीची बहुतेक औषधं पाण्यासारखी दिसतात, हे मात्र डाळिंबाच्या रसासारखं लालभडक असतं. ते द्यायचं असलं की नर्स स्टूल ओढून रुग्णाशेजारी बसते, जाड सिरिंज वाहत्या सलाइनच्या नळीला जोडते आणि अगदी सावकाश दाबत राहते. सगळा वेळ तिची नजर शिरेवर असते, कारण थोडंसं औषध जरी शिरेबाहेर झिरपलं तरी तिथली कातडी जळते आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. पुढचा एक-दोन दिवस लघवी तांबडी होईल, घाबरू नका, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवलेलं असतं. औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन. जुने डॉक्टर अजून ‘ॲड्रियामायसिन’ म्हणतात, आणि इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांनी त्याला ‘लाल सैतान’ म्हणायला सुरुवात केली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

सिरिंज रिकामी झाली की फाईलमध्ये एक आकडा लिहिला जातो आणि तो आधीच्या आकड्यात मिळवला जातो. ही बेरीज त्या बाईच्या आयुष्यभराची असते. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडे उपचार घ्यायची वेळ आली तरी तीच बेरीज पुढे चालवावी लागते.

याच वॉर्डाबाहेरच्या बाकावर हमखास एक प्रश्न विचारला जातो. कुणाची बहीण विचारते, कुणाचा मुलगा विचारतो: हृदयासाठी अर्जुनसालीचा काढा सुरू करू का? हळदीच्या गोळ्या देऊ का? प्रश्न मायेपोटी आलेला असतो आणि अडाणीपणाचा तर मुळीच नसतो. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी हाच प्रश्न चाळीस-पन्नास वर्षं लावून धरला आहे. फाईलमधली बेरीज आणि बाकावरचा हा प्रश्न, दोन्हींचा उगम एकाच गोष्टीत आहे.

गोष्ट सुरू होते इटलीच्या दक्षिणेला, अपुलिया प्रांतात. तिथे एका टेकडीवर कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला अष्टकोनी किल्ला आहे. 1950च्या दशकात मिलानच्या फार्मितालिया या औषध कंपनीचे संशोधक ठिकठिकाणची माती गोळा करत होते. मातीतल्या जिवाणूंपासून पेनिसिलिननंतरची कितीतरी प्रतिजैविकं मिळाली होती, मग कर्करोगावरचं औषधही तिथेच का मिळू नये, असा त्यामागचा विचार होता. या किल्ल्याजवळच्या मातीत त्यांना लाल रंगद्रव्य तयार करणारा स्ट्रेप्टोमायसीस जातीचा एक जिवाणू सापडला. त्या द्रव्याने उंदरांच्या गाठी विरघळू लागल्या. त्याच सुमारास फ्रान्समधल्या संशोधकांनाही स्वतंत्रपणे तेच द्रव्य मिळालं. शेवटी अपुलियात पूर्वी राहणाऱ्या दाउनी टोळीचं नाव आणि माणकाला असलेला फ्रेंच शब्द जोडून ‘डॉनोरुबिसिन’ असं नाव पडलं. रक्ताच्या कर्करोगावर त्याचा चांगला उपयोग होऊ लागला.

आणि त्या रुग्णांमध्येच पहिली धोक्याची खूण दिसली. कर्करोग आटोक्यात आलेल्या काही मुलांना धाप लागू लागली, पाय सुजू लागले, आणि त्यांतली काही हृदय थकून दगावली.

मिलानच्या संशोधकांनी जिवाणूत रसायनाने बदल घडवून आणले आणि त्यातून एक नवं द्रव्य मिळवलं. जुन्या रेणूपेक्षा त्यात एकच ऑक्सिजनचा अणू जास्त होता. अपुलियाच्या किनाऱ्याला लागून असलेल्या ॲड्रियाटिक समुद्रावरून त्याचं नाव ठेवलं ॲड्रियामायसिन. फेदेरिको आर्कामोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली, आणि मिलानच्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जान्नी बोनादोन्ना यांनी रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. एका अणूच्या फरकाने औषधाचा पल्ला बदलून गेला. डॉनोरुबिसिन रक्ताच्या कर्करोगापुरतं होतं, हे स्तनाच्या, हाडांच्या आणि लसिकाग्रंथींच्या गाठींवरही चालत होतं. 1974 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत त्याने जी जागा धरली, ती पन्नास वर्षांनंतरही पूर्णपणे सुटलेली नाही.

हृदयाचा धोका मात्र एका अणूने टळला नाही. 1973 मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या एडवर्ड लेफ्राक आणि सहकाऱ्यांनी 399 रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या 11 जणांचं हृदय निकामी झालं होतं, आणि त्यांतले आठ जण त्रास सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत गेले. शवविच्छेदनात हृदय फुगून सैल पडलेलं आणि स्नायूंच्या पेशी विरळ झालेल्या दिसल्या. या अभ्यासातून एक मर्यादा आखली गेली: शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे आयुष्यभरात 550 मिलिग्रॅम, त्याच्या पलीकडे जायचं नाही. 1979 मध्ये डॅनियल व्हॉन हॉफ यांनी चार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 550 मिलिग्रॅमला साधारण 7 टक्के लोकांचं हृदय निकामी होतं असं निघालं. 2003 मध्ये सँड्रा स्वेन यांनी नंतरच्या चाचण्यांमधून पुन्हा हिशेब केला. त्यात तोच आकडा 26 टक्क्यांवर गेला आणि 400 मिलिग्रॅमलाही तो 5 टक्के होता. फाईलमधली बेरीज इथून आली. आज स्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाला सहसा 60-60 मिलिग्रॅमच्या चार फेऱ्या देतात, म्हणजे एकूण 240. या आकड्यामागे त्या रुग्णांचे जीव आहेत, एवढं वॉर्डात बसलेल्या प्रत्येकाने जाणावं असं मला वाटतं.

मर्यादा ठरली, पण हृदयालाच इजा का होते हे कळलेलं नव्हतं. 1977 मध्ये अमेरिकेत चार्ल्स मायर्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं एक पटणारं उत्तर दिलं. हे औषध पेशीत शिरलं की ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण, म्हणजे फ्री रॅडिकल्स, तयार होतात आणि ते पेशीच्या स्निग्ध आवरणाला डसतात. हृदय दिवसरात्र आकुंचन पावत असतं, म्हणून त्याच्या पेशी ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात. मात्र या कणांना निकामी करणारी विकरं हृदयात यकृताच्या मानाने फारच थोडी असतात. मायर्स यांनी उंदरांना आधी ‘ई’ जीवनसत्त्व दिलं आणि मग औषध दिलं. उंदरांचं हृदय बचावलं, आणि गाठीवरचा औषधाचा परिणामही कमी झाला नाही.

‘ई’ जीवनसत्त्व वनस्पतींच्या तेलांत असतं. हृदय राखायला वनस्पतीजन्य द्रव्य वापरता येईल ही आशा इथून पसरली, आणि ती किती मोहक होती हे समजून घेतलं पाहिजे. इजा गंज चढल्यासारखी असेल, तर गंज रोखणारं काहीतरी द्यावं. अशा द्रव्यांनी झाडपाला भरलेला आहेच. द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल, हिरव्या चहातली कॅटेचिनं, कांद्यातलं क्वेर्सेटिन, हळदीतलं कर्क्युमिन. पुढच्या तीन दशकांत यांतल्या जवळपास प्रत्येकावर उंदीर-घुशींमध्ये प्रयोग झाले आणि बहुतेक ठिकाणी हृदय वाचल्याचं दिसलं. आपल्याकडेही हे काम झालं. 1998 मध्ये चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून उंदरांच्या हृदयाला कर्क्युमिनने मिळालेल्या संरक्षणाचा निबंध प्रसिद्ध झाला. अर्जुनसालीच्या अर्कानेही उंदरांमध्ये तसंच केल्याचं 2008 मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवलं.

माणसांत मात्र वेगळंच घडत होतं. ‘ई’ जीवनसत्त्व 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांना देऊन पाहिलं गेलं. हृदय वाचलं नाही. ॲसिटिलसिस्टीन हे दुसरं ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यही माणसांत तसंच फोल ठरलं. तरी आशा सुटली नाही. वनस्पतींतले आणखी ताकदवान रेणू आहेत, ते चालतील, असं म्हटलं जात राहिलं.

या वाटेवरचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न मला ॲम्स्टरडॅममधला वाटतो. आपल्या परसात पूर्वी सताप लावत, उग्र वासाची, बाळंतिणीच्या आणि तान्ह्या मुलांच्या औषधात पडणारी. सतापीच्या शास्त्रीय नावावरूनच ‘रुटिन’ या द्रव्याला नाव मिळालं. रुटिनपासून तयार केलेली औषधं युरोपात पायांच्या सुजलेल्या शिरांवर बरीच वर्षं वापरात होती. त्यांतला एक घटक, थोडक्यात मोनोहर (हे त्याच्या रासायनिक नावाचं लघुरूप, आपल्या मनोहराशी त्याचा संबंध नाही), फ्री रॅडिकल्स शोषण्यात सर्वांत बळकट होता. ॲम्स्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठातल्या संशोधकांनी तो 1990च्या दशकात उंदरांवर पारखला आणि हृदय वाचलं. मग तो निरोगी माणसांना देऊन तो सोसवतो का हे पाहिलं. त्यानंतर कर्करोग पसरलेल्या आठ रुग्णांना डॉक्सोरुबिसिनच्या आधी त्याची सलाइन दिली.

हृदयाला खरोखर काय झालं हे कळायला एकच खात्रीची वाट होती. मानेच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाच्या चिमट्याने हृदयाच्या आतल्या भिंतीचे ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडे काढायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. किती पेशी बिघडल्या आहेत यावर शून्य ते तीन गुण देण्याची पद्धत स्टॅनफर्डच्या विकृतिशास्त्रज्ञ मार्गारेट बिलिंगहॅम यांनी 1970च्या दशकात घालून दिली होती. दर चौरस मीटरमागे 300 मिलिग्रॅम औषध झाल्यावर पाच रुग्णांचे असे तुकडे घेतले गेले. एवढ्याच औषधाला आधीच्या काळातल्या रुग्णांचे सरासरी गुण 1.4 होते. मोनोहर घेतलेल्यांचे निघाले 2.7. म्हणजे हृदयाचं रक्षण तर झालं नाहीच, उलट इजा जास्त दिसली. संशोधकांनी 2007 मध्ये हा निकाल जसाच्या तसा छापला. मोठ्या मात्रेत तोच रेणू उलटून त्रास देऊ लागतो, असा त्यांचा अंदाज होता. ज्या आजारी माणसांनी आपल्या हृदयाचे तुकडे काढू दिले, त्यांचं ऋण या अभ्यासाच्या पाच-सहा पानांवर मावणारं नाही.

हृदय वाचवणारं एक औषध त्याआधीच सापडलं होतं, पण ते झाडाचं नव्हतं. लंडनमध्ये इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंडच्या प्रयोगशाळेत 1960च्या दशकात कर्करोगावर म्हणून बनवलेल्या रेणूंच्या मालिकेतून डेक्सराझोक्सेन निघालं. ते पेशीतल्या लोहाला बांधून ठेवतं, म्हणून लोहाच्या मदतीने तयार होणारे घातक कण कमी होत असावेत, अशी त्या वेळची समजूत होती. न्यूयॉर्कमध्ये प्रगत स्तन कर्करोग असलेल्या 92 स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, तिचा निकाल 1988 मध्ये आला आणि हृदय खरोखरच सावरल्याचं दिसलं. 1995 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण 1997 मध्ये स्वेन यांच्या चाचण्यांतल्या एकीत एक आकडा खटकला: हे औषध न घेणाऱ्या स्त्रियांपैकी 60.5 टक्क्यांच्या गाठी आटल्या होत्या, घेणाऱ्यांपैकी 46.8 टक्क्यांच्या. इतर चाचण्यांत असा फरक आढळला नाही, पण मनातली शंका गेली नाही. हृदय राखताना आपण गाठही राखतो आहोत का?

बाकावरच्या त्या बहिणीच्या प्रश्नातही हीच शंका दडलेली आहे. हळदीबाबत ती 2002 मध्ये उघड झाली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सोमसुंदरम आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना कर्क्युमिन दिलं आणि मग केमोची औषधं दिली, त्यांत डॉक्सोरुबिसिनही होतं. पेशी मरण्याचं प्रमाण कमी झालं. मग ज्या उंदरांच्या अंगात माणसाच्या स्तनाची गाठ वाढवली होती, त्यांना कर्क्युमिनयुक्त अन्न दिलं आणि सायक्लोफॉस्फामाइड दिलं. हेही डॉक्सोरुबिसिनच्या जोडीने नेहमी दिलं जाणारं औषध. गाठी जेवढ्या आकसायला हव्या होत्या तेवढ्या आकसल्या नाहीत. याच्या उलट निष्कर्षांचेही प्रयोग आहेत, कर्क्युमिनने केमोला बळ मिळतं असं सांगणारे. पण ज्या गुणामुळे एखादं द्रव्य हृदयाची पेशी वाचवतं, त्याच गुणामुळे ते गाठीची पेशीही वाचवू शकतं, हे एकदा दिसल्यावर नुसतं ‘हृदयाला चांगलं’ एवढं म्हणून भागत नाही. भाजीत पडते त्या चमचाभर हळदीविषयी हे नाही, त्यातलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. पण बाजारातल्या गोळीत मुद्दाम काढलेला अर्क असतो, आणि तो रक्तात उतरावा म्हणून बऱ्याचदा मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं. ते यकृताच्या औषधं पचवण्याच्या कामात ढवळाढवळ करतं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतल्या 1,134 स्तन कर्करोग रुग्णांकडून त्या काय-काय पूरक गोळ्या घेत होत्या याची माहिती घेतली गेली होती; तिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. केमोच्या आधी आणि केमो चालू असताना ऑक्सिडीकरणरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये रोग परतण्याची शक्यता 41 टक्क्यांनी जास्त दिसली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीच्या अगदी काठावरचा होता, आणि हा पाहणीतला निष्कर्ष असल्याने त्यावरून गोळीलाच दोषी धरता येत नाही. पण डॉक्टर केमोच्या दिवसांत ‘गोळ्या बंद ठेवा’ का म्हणतात, हे त्यावरून समजतं.

मग इतकी वर्षं उंदरांत चाललेलं माणसांत का चाललं नाही? उत्तराचा मोठा भाग 2012 मध्ये मिळाला, तोही ह्यूस्टनच्या त्याच एम. डी. अँडरसनमध्ये, जिथे लेफ्राक यांनी ते 11 रुग्ण मोजले होते. आपल्या पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो, त्याला पीळ बसतात, गाठी पडतात. त्या सोडवायला टोपोआयसोमेरेज नावाचं विकर असतं: ते धागा क्षणभर कापतं, पीळ काढतं आणि पुन्हा जोडतं. डॉक्सोरुबिसिन नेमकं कापलेल्या क्षणी त्याला धरून ठेवतं, धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. या विकराचे दोन भाऊ आहेत. अल्फा मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींत, म्हणजे गाठीत असतो. बीटा हृदयाच्या पेशीत असतो. एडवर्ड येह आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्या हृदयात बीटाच नाही असे उंदीर तयार केले आणि त्यांना औषध दिलं. त्यांचं हृदय शाबूत राहिलं. फ्री रॅडिकल्स होते, पण मुळात घाव घालणारा हात दुसराच होता. डेक्सराझोक्सेन का चाललं याचाही उलगडा झाला: ते हृदयातला हा बीटा आधीच नाहीसा करून टाकतं.

वनस्पतींचा अध्याय यानंतर मिटला नाही, पण प्रश्न विचारण्याची रीत बदलली. बॉस्टनमध्ये रँडल पीटरसन यांच्या प्रयोगशाळेत झेब्राफिशच्या बारक्या पिल्लांवर काम चाललं होतं. ही पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, हृदय धडधडताना नुसतं सूक्ष्मदर्शकातून दिसतं. त्यांना डॉक्सोरुबिसिन देऊन हृदय मंदावल्यावर जवळपास 3,000 रेणू एकेक करून तपासले गेले. ‘ऑक्सिडीकरण कोण रोखतं’ हे न पाहता ‘हृदय कोण चालू ठेवतं’ एवढंच पाहिलं. त्यातून निवडलेल्या दोन रेणूंपैकी एक होता व्हिस्नागिन. तो खेल्ला या वनस्पतीच्या बियांत असतो. ही गाजर आणि ओव्याच्या कुळातली, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलोऱ्याची वनस्पती. इजिप्तमध्ये तिच्या वाळक्या काड्या दात कोरायला वापरतात आणि मूतखड्याच्या कळांवर तिचा काढा घेतात. 1940च्या दशकात कैरोत शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्लेब आन्रेप यांच्याकडच्या एका कर्मचाऱ्याने मूतखड्यासाठी हा काढा घेतला आणि त्याचं छातीत दुखणंच थांबलं. तिथून सुरू झालेल्या संशोधनाच्या वाटेवरच पुढे हृदयाचे अनियमित ठोके आवरणारं अमिओडेरोन तयार झालं. ते आपल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत आहे.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या त्या अभ्यासात पुढची पायरी पहिल्याच दिवसापासून मांडलेली होती: व्हिस्नागिनने उंदरांचं हृदय वाचतं, पण गाठीवरचा औषधाचा मारा कमी होतो का? संवर्धित पेशींत आणि गाठ असलेल्या उंदरांत तपासलं, कमी होत नव्हता. व्हिस्नागिन रुग्णांपर्यंत अजून पोचायचं आहे, आणि मोनोहरची आठवण असलेला कुणीही त्याबाबत घाई करणार नाही. आपल्याकडे नवी मुंबईतल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात इंद्रनील मित्रा यांनी द्राक्षातलं रेस्वेराट्रॉल घेतलं, पण उलट्या बाजूने. त्यात किंचित तांबं घालून ते ऑक्सिजनचे कण तयार करायला लावायचं, आणि त्या कणांनी मेलेल्या पेशींतून रक्तात आलेले डीएनएचे कपटे नष्ट करायचे. केमोचा अपाय या कपट्यांमुळे वाढतो, असं त्यांचं म्हणणं. हृदयावरचा शेवटचा शब्द तिथूनही आलेला नाही, पण ‘झाडाचं म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक’ हे समीकरण मोडलेलं पाहून बरं वाटतं.

या सगळ्यात सर्वांत भरवशाचं काम शेवटी मिलानलाच झालं, जिथून हे औषध निघालं होतं. तिथल्या युरोपीय कर्करोग संस्थेत दानिएला कार्दिनाले यांनी डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांची केमो घेतलेल्या 2,625 रुग्णांची इको तपासणी वर्षानुवर्षं केली. 2015 मध्ये त्यांनी निकाल दिला. 9 टक्के लोकांच्या हृदयाची ताकद घटली होती, आणि त्यांतल्या 98 टक्क्यांची ती पहिल्या वर्षातच घटली होती. रक्तदाबावरची साधी, स्वस्त औषधं लगेच सुरू केल्यावर त्यांतल्या 82 टक्क्यांची ताकद काही ना काही परतली. मात्र पूर्वीसारखं हृदय झालं फक्त 11 टक्क्यांचं. म्हणून इको पहिल्या वर्षात चुकवायचा नाही.

वॉर्डात चौथी फेरी संपते. नर्स रिकामी सिरिंज पिवळ्या पिशवीत टाकते आणि फाईल उघडते. ‘240’. मग ती विचारते, घरचं काही चालू आहे का, काढा, गोळ्या, पावडर? बाई जरा संकोचते, बहिणीकडे बघते. बहीण पिशवीतून एक डबी काढते. नर्स चष्मा लावून तिच्या मागची बारीक अक्षरं वाचते, आणि 240च्या खालच्या ओळीत त्या गोळीचं नाव, कंपनीचं नाव आणि दिवसाला किती, हे सगळं सावकाश लिहून घेते. मग म्हणते, ही आज डॉक्टरांना दाखवू, आणि जायच्या आधी इकोची तारीख घेऊन जा.